बदली पुणे शहर, ठाणं माहीत नाही: घर शोधायच्या तीन खेपा

मी पुण्यात भाड्याच्या घरांचं काम करते, सरळ सांगायचं तर एजंट. वडील पोलिसात हवालदार होते, लहानपण सगळं पोलीस लाईनीत दोन खोल्यांत गेलं, त्यामुळे बदलीचा कागद घरात आला की आधी कोण गप्प होतं आणि मग कोण बडबडायला लागतं हे मला चांगलं माहितीये. वर्षाला दोन-चार पोलीस फॅमिलींना तरी घर बघून देते. त्यातली ही एक केस सविस्तर लिहितेय, कारण यात माझी पण एक चूक आहे आणि ती अजून टोचते. कुणाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, तारखा एक-दोन दिवस मागंपुढं केल्यात.

पार्श्वभूमी

साहेब एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, चाळीशीचे. आधी सातारा जिल्ह्यात चार वर्षं, मग सांगलीत चार. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम २२-न आहे, त्यात पीएसआय (उपनिरीक्षक), एपीआय, पीआय (निरीक्षक) यांचा कार्यकाळ ठरवून दिलाय, एका ठाण्यात किंवा शाखेत दोन वर्षं, एका जिल्ह्यात चार, एका परिक्षेत्रात, म्हणजे काही जिल्हे मिळून केलेल्या पोलीस विभागात, आठ. सातारा आणि सांगली दोन्ही कोल्हापूर परिक्षेत्रातच येतात, त्यामुळे साहेबांचा जिल्हाही भरला होता आणि परिक्षेत्रही. २०२५ च्या उन्हाळ्यात उचलणार हे त्यांना आधीपासून माहीत होतं, कुठं टाकणार एवढंच माहीत नव्हतं.

घरात पाच माणसं. वहिनी सांगलीत घरीच शिकवण्या घ्यायच्या, पंधरा-वीस पोरं, त्यांचा स्वतःचा असा महिन्याला पैसा होता. मुलगी आठवी संपवून नववीत, मुलगा चौथीत. आणि साहेबांच्या आई, सत्तरीच्या, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. राहायला सांगलीत सरकारी क्वार्टर, जुनं पण हवेशीर, दारात शेवग्याचं झाड.

ऑर्डर आली मेच्या शेवटच्या शुक्रवारी. नावापुढं दोनच शब्द, पुणे शहर.

अडचण नेमकी काय होती

बाहेरच्या माणसाला वाटतं बदली पुण्याला झाली म्हणजे पुण्यात घर बघायचं, त्यात काय एवढं. पण ऑर्डरवर ठाणं नसतं. आधी तिकडून कार्यमुक्त व्हायचं, इथं आयुक्तालयात हजर व्हायचं, मग काही दिवस कंट्रोलला, म्हणजे नियंत्रण कक्षाला संलग्न, आणि मग कधीतरी आयुक्तांची ऑर्डर निघते तेव्हा कळतं की आपण कुठल्या ठाण्याला किंवा ट्रॅफिकला किंवा स्पेशल ब्रँचला. पुणे आता काय पेठांपुरतं राहिलेलं नाही, २०२४ च्या शेवटी तर एकदम सात नवीन पोलीस ठाणी झाली, बाणेर, नांदेड सिटी, आंबेगाव, खराडी, वाघोली, काळेपडळ आणि फुरसुंगी. आता बाणेरला पोस्टिंग मिळालं काय आणि फुरसुंगीला मिळालं काय, घराच्या हिशोबानं ही दोन वेगळी गावं आहेत.

म्हणजे घर कुठं बघायचं तेच माहीत नाही आणि शाळा तर १६ जूनला उघडणार. मुलाचं त्यातल्या त्यात सोपं होतं, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदलून जाता येतं, दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. नववीच्या पोरीला हे लागू नाही, तिथं शाळेची मर्जी आणि शिल्लक जागा. आणि यंदा नाही हलवलं तर पुढच्या वर्षी दहावी, दहावीला पोरगी घ्यायला कुणी राजी नसतं.

दुसरी गोष्ट वेळेची. आयटीवाल्याला कंपनी बदलीच्या वेळी घर बघायला दोन-तीन दिवस हॉटेलात ठेवते, विमानाचं तिकीट देते. इथं प्रशासकीय बदली असेल तर सामान हलवायचा बदली प्रवास भत्ता मिळतो, पावत्या जोडून बिल टाकायचं, विनंतीवरून बदली घेतली असेल तर तोही नाही. पण घर शोधायला मारलेल्या खेपा खिशातून, आणि त्याही साप्ताहिक सुट्टी मिळाली तर. ती सुट्टी कशी असते हे पोलिसाच्या पोरीला विचारा, आमच्या घरी सुट्टीच्या दिवशी बाबांचा डबा भरूनच ठेवलेला असायचा, न जाणो फोन आला तर.

तिसरी अडचण ऐकून लोक हसतात. पुण्यात पोलिसाला घर द्यायला मालक कचरतो. वकील, पत्रकार आणि पोलीस, ही तीन नावं काढली की फोनवर आधी एक शांतता येते आणि मग कुणाचा तरी मुलगा अचानक अमेरिकेहून परत येणार असतो. भीती एकच, उद्या घर सोडलं नाही तर तक्रार करायला जायचं कुठं, त्यांच्याकडेच ना. गंमत म्हणजे हेच मालक भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन झाल्याशिवाय चावी देत नाहीत.

पहिली खेप

१ जून, रविवार. साहेब एकटेच आले, पहाटे साडेचारला सांगली सोडली, इस्लामपूर, कराड, सातारा, खंबाटकी करत साडेनऊला कात्रजला. माझा नंबर त्यांना त्यांच्या एका बॅचमेटनं दिला होता. मला म्हणाले, "मॅडम, आज एका दिवसात उरकायचंय, परत सुट्टी कधी मिळंल काय भरवसा नाही."

कर्वेनगरला वहिनींची मावसबहीण राहते, त्यामुळे कर्वेनगर-कोथरूड एवढंच बघायचं असं घरूनच ठरवून आले होते. आम्ही सहा फ्लॅट बघितले. साहेब घर कसं बघायचे ते मला अजून आठवतं, आधी गेट, मग कॅमेरा कुठं आहे, चालू आहे का नुसता लटकवलाय, मग जिना, मग गच्चीचं दार, मग खिडकीच्या जाळ्या. म्हणजे पंचनामाच जवळजवळ. किचनमध्ये ते दारातूनच बघून परत फिरायचे. नळ एकही उघडला नाही.

दुपारी तीनला एक टू बीएचके पसंत पडला, भाडं २८ हजार. त्यांच्या बेसिकवर पुण्यात घरभाडे भत्ता साधारण १८ हजाराच्या घरात बसत होता, या भत्त्यासाठी शहरांचे वर्ग असतात, सांगली वाय वर्गात आणि पुणे एक्स वर्गात म्हणून भत्ता वाढतो पण भाडं त्याच्या पुढं पळतं. वरचे १० हजार पदरचे. तरी ते हो म्हणाले कारण थकले होते आणि पाचला परत निघायचं होतं.

इथं माझी चूक. मालक म्हणाला आणखी दोन पार्ट्या आहेत, आणि मी साहेबांना म्हटलं टोकन देऊन ठेवा. १० हजार गेले. ठाणं अजून मिळालेलं नाही हे त्यांनी गाडीत बसल्या बसल्याच सांगितलं होतं, मी ऐकलं होतं, आणि तरी टोकन द्यायला लावलं. माझं कमिशन त्यात होतं हे लपवण्यात अर्थ नाही. सीझन होता, एका रविवारात काम मोकळं होत होतं, मी विचार केला पुण्यातच तर आहेत, जाऊ-येऊ शकतील.

पोस्टिंग आलं आणि हिशोब फिरला

१० जूनला साहेब कार्यमुक्त होऊन साधू वासवानी चौकाजवळच्या आयुक्तालयात हजर झाले. कंट्रोलला संलग्न. लॉजवर राहिले, नंतर एका ओळखीच्या पीएसआयच्या खोलीवर कॉट टाकली. मग पालखी आली. २० जूनला दोन्ही पालख्या शहरात, दोन रात्री मुक्काम, २२ ला निघाल्या, आणि निघताना दोन्ही हडपसरपर्यंत जाऊन मग एक दिवे घाटाकडे, एक लोणी काळभोरकडे. नवीन आलेला अधिकारी असा हाताशी असल्यावर त्याला मोकळं कोण सोडतं. चार दिवस त्यांचा फोन लागला नाही, आणि इकडे कर्वेनगरचा मालक मला रोज विचारत होता, येताय की नाही.

२५ ला ऑर्डर निघाली. ठाणं हडपसरच्या पलीकडं, पूर्वेला. कर्वेनगरहून एका बाजूनं १८-२० किलोमीटर, आणि संध्याकाळी हडपसरचा गाडीतळ पार करायचा म्हणजे सव्वा तास धरूनच चाला. नाईट राऊंड करून सकाळी पेंगत परत येणाऱ्या माणसानं हे अंतर टू-व्हीलरवर कापायचं ही गोष्टच मला पटेना. मी स्वतःच त्यांना फोन केला आणि म्हटलं, साहेब ते घर सोडा. मालकाशी भांडून, विनवून १० पैकी ५ हजार परत मिळवले. उरलेले ५ मी माझ्या कमिशनातून वळते करते म्हटलं, तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे, सही तर माझ्या हातानं मारलीय." मी नंतर कमी केलेच, पण ते पुढं.

कुठले पर्याय होते

त्या आठवड्यात फोनवरच सगळी चर्चा झाली, बऱ्याचदा रात्री साडेअकराला.

पोलीस क्वार्टर हा पहिला विचार. अर्ज केला, वेटिंग लिस्टला नाव लागलं. क्वार्टर मिळालं की घरभाडे भत्ता बंद, पण पुण्यात तो सौदा तरी फायद्याचाच. फक्त नंबर कधी येईल हे क्लार्कपण सांगू शकत नाही, आणि जी रिकामी आहेत त्यातली काही अशी की का रिकामी आहेत ते आत गेल्यावर कळतं. तर अर्ज राहू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका, असं मी म्हटलं.

दुसरा, फॅमिली वर्षभर सांगलीतच. हे पोलिसांत सर्रास चालतं, पोरांची दहावी-बारावी होईपर्यंत बाई तिकडं आणि माणूस इकडं कॉटवर. पण सांगलीचं सरकारी क्वार्टर बदलीनंतर ठराविक मुदतीपुरतंच ठेवता येतं, पुढं दंडनीय दरानं भाडं कापतात. म्हणजे तिथंही भाड्याचं घर, इथं खोली, दोन चुली. शिवाय मुलीची दहावी यंदा नव्हती, पुढच्या वर्षी होती, त्यामुळे थांबायचं तर एक नाही, दोन वर्षं. वहिनींनी हा पर्याय एका वाक्यात संपवला, "आठ वर्षं एका घरात राहून पण हे घरात नव्हते, आता दोन घरं केल्यावर तर फोटो बघूनच ओळखायचं."

डीजी लोन, म्हणजे पोलिसांना घरासाठी मिळणारं कर्ज, काढून फ्लॅटच घेऊन टाकावा का, असंही साहेबांनी एकदा विचारलं. मुंबई सोडून इतर आयुक्तालयात या रँकला सहा वर्षांचा कार्यकाळ असतो, सहा वर्षं म्हणजे तसा मोठा काळ. पण शहर ओळखीचं व्हायच्या आधी घर विकत घेणं मला कधीच पटत नाही, मी गप्प बसले आणि विषय तिथंच विरला.

आणि चौथा पर्याय चालून आला. ठाण्याच्या हद्दीतलाच एक जमीन-फ्लॅटचे व्यवहार करणारा माणूस, त्यानं कुणाकडून तरी ऐकलं नवीन साहेब घर शोधतायत. थ्री बीएचके, फर्निचरसकट, भाडं "द्या काय द्यायचं ते, १०-१२ हजार". बाजारभाव तिथं ३० च्या खाली नाही. डिपॉझिट नको, करार नको, "आपल्यात कसला करार".

साहेबांनी मला फोन केला तेव्हा मी गाडी चालवत होते, मी बाजूला लावली. ते खरं तर विचारत नव्हते, मोठ्यानं विचार करत होते. म्हणाले त्या माणसाचे दोन तक्रार अर्ज ठाण्यात आहेत, एक त्यानं केलेला, एक त्याच्यावर झालेला. १२ हजार भाडं म्हणजे महिन्याला १८ हजाराचं पाकीटच की, फक्त ते पाकिटात नाही, भिंतीत आहे. वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, त्यात भेटवस्तू आणि उपकार याबद्दल काय आहे ते त्यांना पाठ होतं, पण ते नियमावर बोललेच नाहीत. म्हणाले, "पोरगी त्याच्या सोफ्यावर बसून अभ्यास करणार आणि मी त्याच्या अर्जावर जबाब घेणार, व्हय?" फोन ठेवला. त्याच दिवशी त्यांनी अजून एक ठरवलं की घर हद्दीतच नको, शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत हवं. आपल्याच हद्दीत राहिलं की भाजीवाला पैसे घेत नाही, सोसायटीवाले रात्री दारावर येतात आणि पोरांना शाळेत वेगळं वागवतात. माझे वडील पण हेच म्हणायचे, त्यांना मात्र लाईनीशिवाय दुसरं काही परवडायचं नाही.

मग राहिला शेवटचा, हद्दीबाहेर पण २५-३० मिनिटांच्या आत, भाडं २२ हजारापर्यंत, करार रजिस्टर. वानवडी, फातिमानगर, रामटेकडीची बाजू. रामटेकडीला एसआरपीएफचे, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाचे ग्रुप आहेत, वानवडीत लष्कर, तिथल्या मालकांना वर्दीचं अप्रूपही नाही आणि भीतीही कमी. हे डोक्यात यायला मला पंचवीस दिवस का लागले कुणास ठाऊक.

दुसरी खेप

२८-२९ जून, सगळं कुटुंब आलं. साहेबांना रविवारचा अर्धा दिवस मिळाला. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, पोरं सांगलीच्याच शाळेत जात होती.

ही खेप बघायला मोठी, निकालात शून्य. सात फ्लॅट ठरवले होते, तीन मालकांनी "काय करतात" या प्रश्नाचं उत्तर ऐकून माघार घेतली, एकानं तर आम्ही लिफ्टमध्ये असताना. मी त्यानंतर नियम केला की पार्टी पोलीस आहे हे पहिल्या फोनलाच सांगायचं, नकार फोनवरच यावा, दारात नको. सत्तरीच्या आजींना दारातून परत फिरवणं, तेही पावसात, फार वाईट दिसतं ते.

उरलेल्या चारमध्ये प्रत्येकाचं वेगळं. साहेबांना जे आवडलं त्याला दिवसातून एकदाच पाणी आणि बाकी टँकर. वहिनींना आवडलं ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, "दुरुस्त होतेय" असं वॉचमन म्हणाला आणि लिफ्टच्या दारात कुंडी ठेवलेली होती. मुलगी रुसून गाडीतच बसली. मुलाला सगळीच घरं आवडली.

आजी मात्र एका घरात बाथरूमच्या दारात थांबल्या, आत वाकून बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. परत गाडीपर्यंत आल्यावर वहिनींना हळूच म्हणाल्या, "खाली बसायचंच हाय गं, मला उठवायला कोण येणार?" देशी संडास होता. एवढ्या खेपांत, एवढ्या फोनवर, आजींना काय लागतं हे कुणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही. माझ्या यादीत लिफ्ट होती, पार्किंग होतं, शाळेचं अंतर होतं, कमोड नव्हता.

रात्री सगळी मावसबहिणीकडे झोपली आणि सोमवारी पहाटे वहिनी, आजी, पोरं परत सांगलीला.

तिसरी खेप

८ जुलै, मंगळवार. वहिनी एकट्या आल्या, एसटीनं, स्वारगेटला उतरल्या. साहेब ड्युटीवर, त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं, "ह्या म्हणतील ते घ्या, मला फोटो पण पाठवू नका." एकतर विश्वास, नाहीतर वैताग. काही का असेना, काम सोपं झालं.

मंगळवार मी मुद्दाम घेतला. रविवारी सगळं शांत असतं, सोसायटी झोपलेली, रस्ता रिकामा. पोलिसाच्या घराला दिवसाची झोप लागते, नाईट करून आलेला माणूस सकाळी आठ ते दुपारी दोन झोपणार, तर ते घर कामाच्या दिवशी सकाळी अकराला कसं वाजतं हे ऐकायला पाहिजे. एका फ्लॅटच्या मागं फॅब्रिकेशनचं शेड निघालं, ग्राइंडरचा आवाज बेडरूममध्ये असा यायचा की बोलताना आम्ही दोघी ओरडत होतो. तोच फ्लॅट रविवारी मी दोनदा दाखवलाय दुसऱ्या पार्ट्यांना, मला पत्ता नव्हता.

वहिनींची पद्धत बघण्यासारखी. पर्समधून एक लिटरची रिकामी बाटली काढली, किचनचा नळ पूर्ण सोडला, फोनवर सेकंद लावले. मग तेच बाथरूमच्या नळाला. सिंकखालचं कपाट उघडून आत तोंड घालून वास घेतला. जुलै होता, पाऊस सुरू होता, हे एक बरं झालं, उन्हाळ्यात घर बघितलं की ओल लपते, पावसात भिंत स्वतःच बोलते. बेडच्या मागची भिंत तळहातानं चाचपायच्या, हात नाकाशी न्यायच्या. वॉशिंग मशीनचा पॉइंट, गॅलरीत दोरी बांधायला हूक, आणि हॉलमध्ये सात-आठ पोरं शिकवणीला बसतील का. मालकाला त्यांनी हे तोंडावर विचारलं, शिकवण्या घेतल्या तर चालेल ना, नंतर कटकट नको.

मालक म्हणजे निवृत्त सुभेदार, वरच्याच मजल्यावर राहणारे. फातिमानगरच्या आतल्या बाजूला चार मजल्यांची जुनी इमारत, लिफ्ट चालू, पहिला मजला, एक कमोड एक देशी. भाडं २१ हजार, डिपॉझिट ६० हजार. मी पहिल्या फोनलाच सांगितलं होतं पार्टी पोलीस आहे. सुभेदार काका म्हणाले होते, "असू दे, मी बेचाळीस माणसांची प्लाटून सांभाळली. एकच सांगतो, वर्दी दाराबाहेर, आत करार." शिकवणीला पण हो म्हणाले, फक्त चपला जिन्यात नकोत.

आजींसाठी वहिनींनी व्हिडिओ कॉल लावला. हॉल दाखवला नाही, किचन दाखवलं नाही, थेट कमोड दाखवला. आजी म्हणाल्या, "बरं हाय." ठरलं.

करार आणि सामान

काकांना अकरा महिन्यांचा साधा स्टॅम्पपेपर चालला असता, साहेबांनी रजिस्टर करूनच मागितला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, पण निम्म्या पुण्याला ते माहीत नाही किंवा माहीत करून घ्यायचं नाही. खर्च काही डोंगराएवढा नाही. ११ महिन्यांचं भाडं २,३१,०००, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून ११ महिन्यांचे ५,५००, या बेरजेवर पाव टक्का म्हणजे स्टॅम्प ड्युटी ६०० च्या आसपास, नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, वर अंगठ्याच्या ठशाचं मशीन घेऊन येणाऱ्या माणसाचे आणि कागदपत्रांचे पैसे.

मशीनवर काकांचा अंगठा उठेना. वयानं रेषा झिजलेल्या. ओल्या फडक्यानं पुसला, गरम केला, मग तर्जनी, मग मधलं बोट, वीस मिनिटं हाच कार्यक्रम. साहेब युनिफॉर्मवरच आले होते अर्ध्या तासासाठी, शेजारी बसून ते काकांचा हात हातात धरून बोट दाबून बघत होते, कारण हे काम ते रोजच करतात म्हणे. डाव्या हाताच्या अनामिकेनं काम झालं. मग भाडेकरूच्या पोलीस माहितीचा फॉर्म, साहेबांनी स्वतःचाच भरला, व्यवसायाच्या रकान्यात क्षणभर थांबले आणि हसले.

२० जुलै, रविवारी सामान आलं. एक आयशर आणि मागनं शेवटच्या क्षणी एक छोटा हत्ती, कारण आजींनी पाटा-वरवंटा आणि शेवग्याच्या फांद्या सोडायला नकार दिला. टेम्पोची पावती मी बजावून घ्यायला लावली, बदलीच्या बिलाला लागते.

काय झालं

मुलाला जवळच्या अनुदानित शाळेत लगेच घेतलं, दाखला मागाहून आला. मुलीचा प्रवेश तीन शाळांनी नाकारला, चौथीनं घेतला, पण तोवर जुलै संपत आला होता आणि तिची पहिली घटक चाचणी बुडाली. सेमी इंग्लिश होतं तेवढं जमलं. ती दोन महिने घरात कुणाशी नीट बोलत नव्हती असं वहिनी म्हणाल्या, आता बोलते.

खर्चाचा हिशोब मी वहिनींना विचारून मांडला. तीन खेपांचं डिझेल, एसटी, टोल, खाणंपिणं मिळून साधारण १२ हजार, जूनमधला लॉज ७ हजार, टोकनचे बुडालेले ५. म्हणजे सामान हलायच्या आधीच २४ हजार, आणि यातला एक रुपयाही कुठल्या बिलात बसत नाही. मी कमिशन एका महिन्याचं घेते, त्यांच्याकडून अर्धंच घेतलं, आणि त्यातूनही ते ५ हजार वजा केले.

सोसायटीत पोलीस आल्याची बातमी आठवड्यात पसरली. पार्किंगचं पहिलं भांडण दाराशी आलं तेव्हा साहेब झोपले होते, सुभेदार काकांनी वरूनच परस्पर हाकलून लावलं. २७ ऑगस्टला गणपती बसले, विसर्जनाची मिरवणूक संपेपर्यंत साहेब घरी फक्त आंघोळीला यायचे. वहिनींकडे आता नऊ मुलं शिकवणीला येतात, सांगलीच्या निम्मी. चपला जिन्यात नसतात.

क्वार्टरची वेटिंग लिस्ट थोडी सरकलीय, नंबर अजून लांब आहे.

काय वेगळं करता आलं असतं

टोकन. ठाणं हातात येईपर्यंत कुठल्याही घराला एक रुपया द्यायचा नाही, हे मी आता पार्टीला आधी सांगते, कमिशन गेलं तरी चालेल. सरळ हिशोब आहे, महिनाभर कॉटवर काढलेल्या दिवसांचे पैसे हे चुकीच्या घरात अडकलेल्या अकरा महिन्यांपेक्षा कमीच होतात.

पहिल्या खेपेला साहेब एकटे आले हे मला आजही चुकीचं वाटत नाही, पण ती खेप घर बघायला न वापरता शाळा बघायला वापरायला हवी होती. १ जूनला शाळांची ऑफिसं रविवारमुळे बंद होती हे खरं, मग एखादी किरकोळ रजा टाकून सोमवार धरायचा. मुलीच्या शाळेचं आधी जमलं असतं तर घर त्याभोवती शोधता आलं असतं, आम्ही उलटं केलं आणि त्याची किंमत तिनं मोजली. अर्थात ठाणं माहीत नसताना शाळा तरी कुठली बघणार, हा प्रश्न साहेबांनी मला विचारला आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ऑर्डर मेच्या शेवटी निघते आणि शाळा जूनच्या मध्यावर उघडते, या दोन तारखांमध्ये एजंटनं किंवा वहिनींनी कितीही डोकं चालवलं तरी ते अपुरंच पडणार.

दुसरी खेप सगळ्यांना घेऊन करायलाच नको होती. पाच माणसं, सात घरं, दीड दिवस, सगळे दमले आणि निर्णय कुणीच घेतला नाही. पण त्याच खेपेत आजींचं कळलं, त्यामुळे ती फुकट गेली असंही म्हणवत नाही. आता मी फोनवरच म्हाताऱ्या माणसाशी स्वतः बोलते. सून सांगते "आईंना काही लागत नाही हो", आणि आईंना लागतच असतं.

त्या जमीन-फ्लॅटवाल्याच्या थ्री बीएचकेबद्दल वेगळं काही करण्यासारखं नव्हतं. एवढंच की तो माणूस पुढं दोन महिने ठाण्यात साहेबांकडे बघून न बघितल्यासारखं करायचा.

परवा साहेबांनी त्यांच्या एका बॅचमेटला माझा नंबर दिला, नांदेडहून बदलून येतायत, बायको बरोबर, दोन लहान पोरं. बाणेरला घर बघायचंय म्हणाले, मेव्हणा तिथं राहतो, रविवारी येतो, तुम्ही पाच-सहा फ्लॅट काढून ठेवा.

मी विचारलं, "साहेब, ठाणं मिळालं का?"

"नाही अजून, कंट्रोललाच आहे."

"मग रविवारी झोप काढा."

फोनवर थोडा वेळ काहीच आवाज नाही आला. मग ते म्हणाले, बायकोला तुम्हीच सांगा.